क्रायस्लर टाउन अँड कंट्री ‘बॅरलबॅक’ : लाकडी वॅगन पारखणे, घेणे आणि जपणे

क्रायस्लर कंपनीने १९४१ आणि १९४२ या दोनच मॉडेलवर्षांत टाउन अँड कंट्री नावाची लाकडी बांधणीची स्टेशन वॅगन तयार केली. पहिल्या वर्षी ९९७ आणि दुसऱ्या वर्षी ९९९ गाड्या कारखान्याबाहेर पडल्या. १९४२ च्या सुरुवातीला युद्धामुळे अमेरिकेत खाजगी मोटारींचे उत्पादन थांबले. युद्ध संपल्यावर टाउन अँड कंट्री हे नाव परत आले, पण ते सेडान आणि कन्व्हर्टिबल गाड्यांवर. मागच्या गोलाईमुळे संग्राहक जिला ‘बॅरलबॅक’ म्हणतात, ती वॅगन पुन्हा बनली नाही. मुळात दोन हजारांपेक्षा कमी असलेल्या या गाड्यांपैकी पुष्कळशा पाऊस, ऊन आणि हलगर्जीपणा यांनी संपवल्या, आणि ज्या उरल्या आहेत त्यांतल्या चांगल्या गाडीची किंमत डॉलरच्या सहा आकड्यांत जाते.

अमेरिकेत राहणारे काही मराठी वाचक अशी गाडी घेण्याचा विचार करतात, काहींना ती दुरुस्त करून जपायची असते आणि काहींना लाकूडकाम व मोटारकाम या दोन्हींत रस असतो. हा लेख त्या सर्वांसाठी आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. या गाडीचे इंजिन, ब्रेक आणि गिअर त्याच काळातल्या हजारो साध्या क्रायस्लर गाड्यांतही होते, त्यामुळे त्यांचे सुटे भाग आजही मिळतात. लाकडाचा सांगाडा मात्र ज्या त्या गाडीपुरता असतो आणि तो नव्याने करून घ्यायला अनुभवी कारागीर, वेळ आणि पैसा तिन्ही भरपूर लागतात. म्हणून बॉनेट सर्वांत शेवटी उघडावे. आधी लाकूड, मग लाकडाला लागून असलेला पत्रा आणि मग यंत्रभाग, हाच क्रम या लेखात ठेवला आहे.

गाडीची बांधणी समजून घ्या

रेल्वे स्थानकावर उतरलेले पाहुणे आणि त्यांचे सामान हॉटेलात किंवा बंगल्यावर पोहोचवण्यासाठी अमेरिकेत लाकडी बांधणीच्या गाड्या वापरल्या जात. स्टेशन वॅगनचा उगम तोच. १९२९ मध्ये फोर्डने मॉडेल ए च्या सांगाड्यावर अशी वॅगन मोठ्या प्रमाणावर विकायला आणली आणि पुढे मिशिगनमधल्या आयर्न माउंटन येथील स्वतःच्या कारखान्यात, स्वतःच्या जंगलातले मेपल आणि बर्च वापरून तिचे लाकूडकाम सुरू केले. या जुन्या वॅगनचे छत लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या कापडी आवरणाचे असे आणि मागचा भाग सरळ, पेटीवजा असे.

क्रायस्लर विभागाचे प्रमुख डेव्हिड वॉलेस यांच्या आग्रहातून तयार झालेली टाउन अँड कंट्री यापेक्षा वेगळी होती. तिला मोठ्या सेडानच्या धाटणीचे पोलादी छत होते, ते मागे उतरत जाई आणि त्याखाली बाजूंना उघडणारी दोन गोलसर दारे होती. चाकांच्या आसांमधले अंतर १२१.५ इंच, म्हणजे सुमारे ३.०९ मीटर होते. सहा आणि नऊ प्रवाशांच्या अशा दोन आवृत्त्या होत्या, त्यांपैकी नऊ प्रवाशांची संख्येने बरीच जास्त होती. लाकूडकाम आर्कान्सा राज्यातल्या हेलेना येथील पेकिन वुड प्रॉडक्ट्स या क्रायस्लरशी संबंधित कारखान्यातून येई. फिकट चौकटी ॲश या कठीण लाकडाच्या, आणि चौकटींच्या आतले गडद फलक महोगनीचे, अशी ती जोडणी आहे.

बॉनेट, मडगार्ड, काचेखालचा भाग आणि छत पोलादी आहेत. दारे, त्यांच्यामागचा देह आणि मागची दुहेरी दारे यांचा भार मात्र ॲशच्या चौकटी पेलतात. पुढच्या दशकांत बाजारात आलेल्या अनेक वॅगनवर लाकडाची नक्षी छापलेले आवरण पत्र्यावर चिकटवलेले असे, आणि ते खराब झाले तर गाडीच्या मजबुतीला धक्का बसत नसे. येथे एक खालची पट्टी कुजली की दार लोंबते, दार लोंबले की कडी बसत नाही आणि कडी बसत नाही म्हणून दार आपटले जाते, तेव्हा उरलेले सांधेही सैल होतात.

कागदपत्रे आणि ओळख

गाडी पाहायला जाण्याआधी विक्रेत्याकडून मालकीच्या कागदाची प्रत, देहक्रमांकाच्या पट्टीचे छायाचित्र आणि इंजिनवर ठोकलेल्या क्रमांकाचे छायाचित्र मागवावे. देहक्रमांकाची पट्टी पुढच्या दाराच्या बिजागरीजवळच्या खांबावर असते. इंजिनाचा क्रमांक ब्लॉकच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात ठोकलेला असतो. १९४१ च्या सहा सिलिंडर क्रायस्लरसाठी सी-२८ आणि १९४२ साठी सी-३४ ही इंजिनमालिका आहे. त्या काळात अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी मालकीच्या कागदावर देहक्रमांकाऐवजी इंजिनाचाच क्रमांक नोंदवला होता. पुढे कधी इंजिन बदलले गेले असेल तर कागद आणि गाडी जुळत नाहीत आणि नोंदणीच्या वेळी अडचण येते. त्यामुळे व्यवहार पक्का करण्यापूर्वी तुमच्या राज्याच्या वाहन नोंदणी कार्यालयाला दोन्ही क्रमांक दाखवून विचारून घ्यावे.

इंजिन त्याच मालिकेतले पण दुसऱ्या गाडीतले असेल तर मी फारसा अस्वस्थ होणार नाही. लाकडी देह मात्र कोणत्या गाडीचा आहे, किती भाग मूळचे आहेत, कोणते कधी बदलले आणि कोणी बदलले, हे लेखी मागावे. जुन्या कामाची छायाचित्रे असतील तर त्यांचे मोल मोठे आहे, कारण वार्निशचे थर चढल्यावर आत काय केले आहे ते बाहेरून कळत नाही. खरेदीपूर्वी लाकडी गाड्यांच्या नॅशनल वुडी क्लब किंवा क्रायस्लर गाड्यांना वाहिलेल्या डब्ल्यू. पी. सी. क्लबच्या सभासदांशी बोलावे. इतक्या कमी गाड्यांच्या जगात एखाद्या गाडीचा इतिहास कोणाला तरी ठाऊक असण्याची शक्यता बरीच असते.

लाकडाची तपासणी

सोबत चांगली विजेरी, लहान आरसा, बारीक टोकाचा टोच्या, प्लास्टिकच्या डोक्याची हातोडी आणि लाकडातला ओलावा मोजणारे यंत्र घ्यावे. गाडी उजेडात आणि कोरडी असताना पाहावी. नुकतीच धुतलेली किंवा तेल चोपडलेली गाडी दाखवली जात असेल तर दुसऱ्या दिवशी परत यावे.

आधी दहा-बारा पावले दूर उभे राहून एका बाजूची पूर्ण रेषा पाहा. ॲशच्या आडव्या पट्ट्या पुढच्या दारावरून मागच्या दारावर आणि तेथून मागच्या देहावर एका ओळीत गेल्या पाहिजेत. ओळ एखाद्या दारापाशी खाली उतरत असेल तर दोष बिजागरीत आहे, दाराच्या चौकटीत आहे की खांबात, हे शोधायचे असते. दार अर्धे उघडून त्याचे मोकळे टोक दोन्ही हातांनी हळूच वर उचला. बिजागरीपाशी खेळ जाणवला आणि स्क्रू हलताना दिसला तर त्या स्क्रूच्या भोवतीचे लाकूड मऊ झाले आहे. बिजागरी स्थिर राहून दाराचीच चौकट तिरकी होत असेल तर कोपऱ्यातल्या कुसवाचा (एका पट्टीचे टोक दुसरीच्या खाचेत बसवलेला) सांधा सुटला आहे. पहिला दोष बहुधा एका ठिकाणी दुरुस्त होतो, दुसऱ्यासाठी संपूर्ण दार उतरवून सोडवावे लागते.

त्यानंतर खालच्या पट्ट्यांकडे वळा, कारण पाणी तेथेच थांबते. ॲशच्या लाकडात वसंत ऋतूत वाढलेल्या थराची छिद्रे मोठी असतात आणि ती लांबीच्या दिशेने नळ्यांप्रमाणे पाणी ओढतात. म्हणून पट्टीचा मधला भाग ठणठणीत दिसत असताना तिचे कापलेले टोक, जे दुसऱ्या पट्टीला सांध्यात भेटते, ते आतून काळे पडलेले असू शकते. ॲश हे लवचीक, कणखर आणि काम करायला चांगले लाकूड असले तरी कुजण्याला तोंड देण्याची त्याची ताकद कमी असते. सागाची सवय असलेल्या माणसाला हे सुरुवातीला पटत नाही.

वार्निशखाली दिसणारा राखाडी किंवा काळा डाग तीन कारणांनी येतो. पहिले कारण म्हणजे वार्निशला गेलेली चीर आणि त्यातून शिरलेले पाणी. हा डाग सांध्याजवळ किंवा कडेला पसरट असतो. दुसरे म्हणजे आतला पोलादी स्क्रू किंवा कंस गंजून लाकडातल्या टॅनिनशी झालेली अभिक्रिया. हा डाग स्क्रू झाकणाऱ्या लाकडी बुचाभोवती निळसर-काळा आणि गोल दिसतो. तिसरे कारण बुरशी, आणि तेथे लाकूड रंगाबरोबर बळही गमावते. पहिले दोन डाग लाकूड टणक असेल तर काढता येतात. म्हणून प्रत्येक काळ्या भागावर हातोडीने हलके टकटक करून आवाज ऐका. टणक लाकडाचा आवाज स्पष्ट येतो, मऊ झालेल्या लाकडाचा दबका. शंका आली तर मालकाची परवानगी घेऊन दाराच्या खालच्या कडेला, न दिसणाऱ्या जागी टोच्या दाबून पाहा. तो दोन-तीन मिलिमीटर सहज आत गेला तर ती पट्टी गेली असे समजावे.

ओलावा मोजताना एकाच ठिकाणी न थांबता प्रत्येक दाराच्या वर, मध्ये आणि खाली मोजून आकडे लिहून ठेवा. आत ठेवलेल्या गाडीत साधारण ८ ते १२ टक्के ओलावा असावा. एखाद्या सांध्याजवळ तो १८-२० टक्क्यांच्या घरात असेल आणि बाकी सर्वत्र १० असेल, तर पाणी कोठून येते हे शोधल्याशिवाय किंमत ठरवू नये. २० टक्क्यांच्या वर ओलावा टिकला की कुजवणाऱ्या बुरशीला वाढायला जागा मिळते.

लाकडावर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोके आणि त्यांतून गळणारी मैद्यासारखी मऊ पूड दिसली तर ती भुंगेऱ्यांची कीड आहे. ॲशसारख्या मोठ्या छिद्रांच्या लाकडाची तिला विशेष आवड असते. जुनी भोके असतील आणि पूड नसेल तर कीड गेलेली असू शकते. पूड ताजी, फिकट आणि झटकल्यावर पुन्हा येणारी असेल तर त्या गाडीला आपल्या इतर लाकडी सामानाशेजारी आणूही नये. जिवंत ॲशची झाडे मारणारा हिरवा भुंगेरा वेगळा. तो २००२ मध्ये मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ आढळला आणि तेव्हापासून त्याने अमेरिकेत कोट्यवधी झाडे संपवली आहेत. तयार गाडीला त्याचा धोका नाही, परंतु चांगले, सरळ रेषांचे आणि पुरेशा जाडीचे ॲश मिळवणे त्यामुळे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. दुरुस्तीसाठी लाकूड निवडताना हे लक्षात ठेवावे लागते.

महोगनीचे फलक पाहताना पृष्ठभागावर तिरपा उजेड टाका. फलकावरच्या महोगनीच्या पातळ पापुद्र्याला फुगा आला असेल, कडेने सुटला असेल किंवा एखाद्या जागी अचानक फिकट दिसत असेल, तर कोणीतरी घासताना पापुद्रा संपवला आहे. फलक बदलणे चौकट बदलण्यापेक्षा सोपे असते, तरी जुन्या महोगनीच्या रंगाशी नवा फलक जुळवणे कौशल्याचे काम आहे. १९४७ पासून क्रायस्लरने युद्धोत्तर टाउन अँड कंट्रीवर खऱ्या महोगनीऐवजी छापील आवरण वापरायला सुरुवात केली. बॅरलबॅकवर असे आवरण दिसले तर ते नंतर लावलेले आहे असे समजून त्याखाली काय आहे ते विचारावे.

शेवटी मागची दुहेरी दारे. माझ्या मते संपूर्ण गाडीची परीक्षा येथे होते. ही दारे वक्र आहेत, जड आहेत, त्यांच्या बिजागऱ्या बाजूच्या खांबांवर आहेत आणि दोन्ही मध्यभागी भेटतात, त्यामुळे एका खांबातली दोन मिलिमीटरची चूक मध्यभागी बोटभर फटीच्या रूपाने दिसते. वक्र पट्ट्यांवरच्या लाकडी रेषा पाहा. कारागिराने सरळ फळीतून वक्र आकार कापला असेल तर रेषा वक्राला छेदून बाहेर निघतात आणि तेथे लाकूड पुढेमागे तडकते. रेषांची दिशा सांभाळून तुकडे निवडले असतील किंवा पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून वाकवल्या असतील तर काम जाणत्याचे आहे. गालिचा उचलून मागच्या जमिनीच्या कडा, चाकांवरचे उंचवटे आणि खांबांचे तळ आरशाने तपासावेत.

छत, काचा आणि पाण्याची वाट

पोलादी छतामुळे ही वॅगन समकालीन वॅगनपेक्षा कमी गळते, परंतु पत्रा आणि लाकूड जेथे भेटतात ती रेषा कायमची नाजूक राहते. पत्रा उष्णतेने प्रसरण पावतो, लाकूड ओलाव्याने फुगते. दोघे वेगवेगळ्या कारणांनी हलतात आणि मधली भरणी कालांतराने फाटते. छताच्या कडेची पन्हळ बोटाने चाचपून गंज पाहा. काचांखालच्या लाकडी पट्टीवर पाण्याचे ओघळ असतील तर काचेचे रबर किंवा कापडी पट्टी संपली आहे, आणि काचेवरून उतरलेले पाणी दाराच्या आत साठत आहे. दाराच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली भोके मोकळी आहेत ना, हे तारेने पाहावे. ती वार्निशने किंवा भरणीने बुजलेली आढळणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि एवढ्या एका कारणाने चांगली दारे कुजली आहेत.

यंत्रभाग

इंजिन सहा सिलिंडरचे, बाजूला व्हॉल्व्ह असलेले, संथ आणि दीर्घायुषी आहे. १९४१ मध्ये त्याचे आकारमान २४१.५ घनइंच, म्हणजे सुमारे ४ लिटर होते. १९४२ मध्ये ते २५०.६ घनइंच झाले आणि ताकद १२० अश्वशक्तीपर्यंत गेली. सिलिंडरमधील दाब मोजावा, तेलाचा दाब इंजिन गरम झाल्यावर पाहावा आणि रेडिएटर साफ असूनही गाडी तापत असेल तर ब्लॉकच्या आत लांबीभर बसवलेल्या पाणी वाटणाऱ्या नळीवर संशय घ्यावा. ही पत्र्याची नळी गंजली की मागच्या सिलिंडरांच्या व्हॉल्व्हपर्यंत थंड पाणी पोहोचत नाही. नवी नळी स्वस्त मिळते; जुनी बाहेर काढण्यासाठी मात्र पाण्याचा पंप आणि बहुधा रेडिएटरही उतरवावे लागतात.

फ्लुइड ड्राइव्ह या पद्धतीत इंजिन आणि क्लच यांच्यामध्ये तेलाने भरलेली जोडणी असते. क्लच दाबून गिअरची श्रेणी निवडायची, मग गाडी वेगात आल्यावर ॲक्सिलरेटरवरचा पाय क्षणभर उचलायचा आणि वरचा गिअर पडल्याचा आवाज ऐकायचा, असे ती चालवावी लागते. पाय उचलल्यावर गिअर पडत नसेल तर गिअरबॉक्स खोलण्याआधी व्हॅक्यूमच्या नळ्या, विजेची जोडणी आणि संबंधित स्विच तपासावेत. दोष बहुधा तेथेच निघतो. इंजिन व गिअरबॉक्स यांच्या मधल्या आवरणाच्या तळाशी तेलाचे थेंब दिसले तर ते जोडणीच्या सीलमधून येत आहेत का, हे जाणकाराला दाखवावे. आणखी एक गोष्ट नव्या मालकाला कोणीतरी स्पष्ट सांगायला हवी: तेलाच्या जोडणीमुळे गाडी गिअरमध्ये ठेवली तरी उतारावर थांबून राहत नाही. हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागच्या ड्रमवर काम करतो; तो नीट लागला पाहिजे आणि उतारावर चाकामागे लाकडी ठोकळा ठेवलाच पाहिजे.

चाके काढताना डाव्या बाजूचे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात हे विसरल्यास बोल्ट तुटतो. मागचे ब्रेक ड्रम निमुळत्या आसावर घट्ट बसलेले असतात; त्यांच्यासाठी स्क्रूने ओढणारा मजबूत पुलर लागतो आणि हातोडीने ठोकून ते काढू पाहणाऱ्याच्या हाती वाकडा ड्रम येतो. ब्रेकचे शूज ड्रमशी जुळवण्यासाठी खालच्या खिळीसुद्धा फिरवाव्या लागतात आणि हे काम सवयीच्या मेकॅनिककडूनच करून घ्यावे. ब्रेकची यंत्रणा एकपदरी आहे. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात, म्हणून सर्व रबरी नळ्या पाहणीत कशाही दिसल्या तरी बदलून घ्याव्यात.

वीज सहा व्होल्टची आहे आणि बॅटरीचे धन टोक चासीला जोडलेले असते. सुरू होताना इंजिन मंद फिरत असेल तर मालक बारा व्होल्टची बॅटरी बसवण्याचा सल्ला देतात. मला तो पटत नाही. बहुतेक वेळा बारा व्होल्टच्या गाडीच्या बारीक तारा कोणीतरी येथे लावलेल्या असतात. पुरेशा जाड तारा आणि स्वच्छ जोड दिले की सहा व्होल्टवर हे इंजिन तत्परतेने सुरू होते.

किती दुरुस्त करायचे

पाहणीनंतर तीन प्रकारच्या गाड्या समोर येतात. पहिल्या प्रकारात लाकूड मूळचे, काळवंडलेले पण टणक असते. दुसऱ्यात काही खालच्या पट्ट्या आणि एखादा खांब गेलेला असतो. तिसऱ्यात सांगाडा कोसळलेला असतो आणि विक्रेता यंत्रभाग किती छान चालतो ते दाखवत असतो. तिसऱ्या गाडीचे लाकूडकाम नव्याने करायचे तर खर्च गाडीच्या विक्रीकिमतीच्या मोठ्या हिश्शाएवढा होऊ शकतो, आणि चांगल्या कारागिराकडे वर्षभराहून अधिक थांबावे लागू शकते. चमकणाऱ्या, पूर्ण नव्या लाकडाच्या गाडीपेक्षा पहिल्या प्रकारातली मळकट गाडी मी नेहमी पसंत करीन. मूळ पट्ट्यांवर कारखान्यातल्या कामाच्या खुणा, सांध्यांची मूळ मापे आणि लाकडाचा पिकलेला रंग शिल्लक असतो आणि पुढच्या कोणत्याही दुरुस्तीला तोच आधार लागतो.

दुसऱ्या प्रकारात पट्टी पूर्ण बदलण्याऐवजी खराब भाग कापून तिरप्या सांध्याने नवा तुकडा जोडावा. सांध्याची लांबी पट्टीच्या जाडीच्या किमान आठपट ठेवली तर चिकटवायला पुरेसे क्षेत्रफळ मिळते. नव्या तुकड्याची वर्षचक्रे आणि रेषांची दिशा जुन्याशी जुळवावी. चिकटवण्यासाठी दोन भागांचे इपॉक्सी फट भरून काढते. रेसॉर्सिनॉल हा गोंद पाण्याला उत्तम तोंड देतो, पण ॲशवर त्याची गडद रेषा दिसते, म्हणून तो झाकल्या जाणाऱ्या सांध्यांत वापरावा. मऊ लाकडात पातळ इपॉक्सी मुरवून ते टणक करण्याची पद्धत लोकप्रिय आहे. भार न पेलणाऱ्या कडेपुरती ती ठीक आहे, बिजागरीच्या खांबाला मात्र ती लावू नये, कारण वरचा थर टणक होतो आणि आतली कुज तशीच राहते. दार सोडवण्यापूर्वी त्याचे कर्ण मोजून ठेवावेत आणि जुनी, कुजलेली पट्टीसुद्धा काम संपेपर्यंत टाकू नये, कारण नव्या पट्टीचा साचा तीच असते.

वार्निश

काम सुरू करण्यापूर्वी कड्या, हँडल आणि पट्ट्या काढून प्रत्येक स्क्रू कोठला ते लिहून ठेवा. जुने वार्निश रासायनिक द्रावणाने मऊ करून प्लास्टिकच्या खरवडणीने काढा. पट्ट्याचे घासयंत्र या गाडीजवळ आणू नये. त्याने ॲशच्या कडांची मूळ गोलाई जाते आणि महोगनीचा पापुद्रा काही क्षणांत फाटतो. काळे डाग राहिले तर ऑक्झॅलिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवून संपूर्ण पट्टीवर एकसारखे लावा, कारण फक्त डागावर लावले तर त्याजागी फिकट ठिपका उरतो. हातमोजे आणि चष्मा हवाच. नंतर स्वच्छ पाण्याने अनेकदा पुसून काढावे आणि लाकूड काही दिवस सावलीत वाळू द्यावे. वाळलेल्या ॲसिडची पूड श्वासात गेल्यास अपाय होतो, म्हणून त्यानंतर घासताना मुखपट्टी लावावी.

घासण्याचा क्रम १२०, १८० आणि २२० नंबरच्या कागदाचा आणि दिशा नेहमी रेषांच्या लांबीची असावी. महोगनीवर थेट २२० नंबरचा कागद हाताने, अगदी हलका फिरवावा. ओलावा पुन्हा मोजून तो १२ टक्क्यांखाली आल्यावरच पहिला हात द्यावा.

जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी बनवलेले, उन्हातील अतिनील किरण अडवणारे स्पार वार्निश या कामाला योग्य आहे. मोटारीच्या रंगाबरोबर मिळणारा कठीण पारदर्शक लेप अधिक चमकतो आणि सुरुवातीला अधिक टिकाऊ वाटतो. अडचण अशी की लाकूड रेषांना आडव्या दिशेने ऋतूंप्रमाणे फुगते आणि आकसते, रेषांच्या दिशेने जवळजवळ हलत नाही. चौकटीच्या कोपऱ्यात या दोन दिशा एकमेकींना भेटतात आणि ताठर लेप नेमका तेथे तडकतो. मग त्या केसाएवढ्या भेगेतून पाणी थेट लाकडाच्या कापलेल्या टोकात शिरते आणि वरचा लेप ते बाहेरही पडू देत नाही.

पहिला हात निम्मे वार्निश आणि निम्मे टर्पेंटाइन किंवा मिनरल स्पिरिट असा पातळ करून द्या, म्हणजे तो आत मुरतो. दुसऱ्यात पाव भाग पातळक घाला. त्यापुढचे हात डब्यावरच्या सूचनेप्रमाणे द्या. कापलेली टोके, कुसवांच्या खाचा, बिजागऱ्यांखालची जागा आणि पट्ट्यांच्या आतल्या बाजू यांना बाहेरच्या इतकेच हात मिळाले पाहिजेत, कारण एकाच बाजूने बंद केलेले लाकूड दुसऱ्या बाजूने ओलावा घेऊन वाकते. सहा ते आठ हात लागतात, आणि दोन हातांमध्ये ३२० नंबरचा कागद फिरवून धूळ पुसावी लागते. नव्या तुकड्याचा पांढरेपणा डोळ्यांत खुपत असेल तर रंगद्रव्य फक्त त्या तुकड्यावर, आधी टाकाऊ लाकडावर चाचणी करून, अगदी पातळ लावावे. जुने ॲश रंगवून दोन्ही एकसारखे करण्याचा मोह टाळावा. जवसाचे तेल असलेल्या वार्निशने भिजलेली फडकी चुरगळून टाकल्यास आपोआप पेट घेऊ शकतात. ती पाण्यात बुडवून किंवा पसरून वाळवून टाकावीत.

नेहमीची देखभाल

वर्षातून एकदा, पावसाळी किंवा बर्फाळ ऋतूच्या आधी, सर्व सांधे भिंगाने पाहावेत. चीर दिसेल तेथे लगेच हलके घासून दोन हात द्यावेत. संपूर्ण गाडीवर एक ताजा हात दर वर्षी किंवा वर्षाआड दिला तर सर्व वार्निश खरवडून काढण्याची वेळ फार उशिरा येते. गाडी नळीच्या जोरदार फवाऱ्याने धुऊ नये. ओलसर मऊ फडक्याने पुसावी, लगेच कोरडी करावी आणि चारही दारे काही वेळ उघडी ठेवावीत. सिलिकोन असलेले पॉलिश लाकडावर लावू नये, त्यावर पुढचा वार्निशचा हात धरत नाही.

गॅरेजमधील सापेक्ष आर्द्रता ४० ते ५५ टक्के राखावी. मिशिगन किंवा न्यू जर्सीच्या हिवाळ्यात तापवलेल्या गॅरेजची हवा अतिशय कोरडी होते आणि सांधे आकसून उघडतात. तेथे आर्द्रता वाढवणारे यंत्र लागते. फ्लोरिडात नेमके उलटे यंत्र लागते. प्लास्टिकचे अभेद्य आवरण कधीही घालू नये. सुती, हवा खेळू देणारे आवरण वापरावे.

काही वाचक ही गाडी पुढेमागे महाराष्ट्रात आणण्याचा विचार करतात. भारतात जुलै २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या वाहनांची ‘व्हीए’ मालिकेत वेगळी नोंदणी होते. तिची मुदत १० वर्षांची असते आणि अशी गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल यांसारख्या कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. आयातीचे नियम आणि शुल्क यांची चौकशी सीमाशुल्क सल्लागाराकडून त्या वेळी करून घ्यावी लागते. मला त्याहून मोठी चिंता हवेची वाटते. मुंबई आणि कोकणात जून ते सप्टेंबर या काळात हवेतील आर्द्रता दिवसेंदिवस ८० टक्क्यांवर राहते. आर्द्रता शोषणारे यंत्र चोवीस तास चालणारी, वाळवीप्रतिबंधक जमीन केलेली बंद जागा नसेल तर ॲशचा सांगाडा तेथे ठेवू नये. नाशिक किंवा पुण्याकडची हवा त्यापेक्षा बरी, तरी पावसाळ्यात यंत्र तेथेही लागेल. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या किनारपट्टीवरून आलेली गाडी थेट पावसाळ्यात उतरवू नये. नोव्हेंबरमध्ये आणून लाकडाला नव्या हवेशी जुळवून घ्यायला काही महिने द्यावेत आणि त्या काळात दर आठवड्याला ओलावा मोजून नोंद ठेवावी.

अमेरिकेतल्या अमेरिकेत गाडी लांब न्यायची असेल, उदाहरणार्थ सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या एन्सिनिटास येथे भरणाऱ्या वेव्हक्रेस्ट या लाकडी वॅगनच्या मेळाव्याला किंवा पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी येथील ऑक्टोबरच्या सुट्या भागांच्या बाजाराला, तर बंद ट्रेलर घ्यावा. बांधण्याचे पट्टे आस किंवा चाकांवरून घ्यावेत, देहाच्या कोणत्याही भागावरून नव्हे. दारांच्या फटींत मऊ फेल्टच्या पट्ट्या ठेवल्या तर प्रवासातल्या हादऱ्यांनी ॲशच्या कडा एकमेकींवर घासत नाहीत. विमा घेताना गाडीची किंमत आधीच लेखी ठरवून देणारी पॉलिसी घ्यावी आणि तिच्यासोबत लाकडाची, विशेषतः सांध्यांची, ताजी छायाचित्रे जोडावीत.